किशोरवयीन मुलं आणि वयाने मोठा मित्र: अशा कादंबऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा मुलगा किंवा मुलगी, आणि त्यांच्याहून तीस, चाळीस, कधी साठ वर्षांनी मोठं असलेलं कुणीतरी. दोघांची गट्टी जमते आणि त्यातून दोघंही बदलतात. किशोर साहित्यात ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. पालक, शिक्षक, लिहू पाहणारे आणि वाचणारी मुलं यांच्याकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

या प्रकारात नेमक्या कोणत्या कादंबऱ्या मोडतात?

नायक किंवा नायिका साधारण बारा ते अठराच्या दरम्यानची असते, गोष्ट तिच्या नजरेतून दिसते आणि कथानकाचा कणा म्हणजे एका प्रौढ माणसाशी जुळलेलं नातं. हा माणूस शेजारी असेल, निवृत्त कारागीर असेल, प्रशिक्षक असेल, वाचनालय सांभाळणारी बाई असेल. आई-वडील सहसा या भूमिकेत नसतात, कारण ते मुलांनी निवडलेले नसतात. शिक्षक चालतात, पण गोष्ट तास संपल्यानंतर सुरू व्हायला हवी. कुणीही सक्ती केलेली नसताना ही दोघं पुन्हा पुन्हा एकमेकांकडे जातात का, एवढंच मी पाहते. जात असतील, तर ती या प्रकारातली गोष्ट.

याला मैत्री म्हणायचं की गुरु-शिष्याचं नातं?

माझं उत्तर ठाम आहे: मैत्री. शिकणं-शिकवणं त्यात आपोआप येतं. पण एक कायम देणारा आणि दुसरा कायम घेणारा असेल, तर ती कादंबरी शंभराव्या पानापर्यंत शिकवणी होऊन जाते आणि तेरा वर्षांच्या वाचकाला ते सर्वांत आधी कळतं.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी 1950 साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. किशोरवयात 'मी कोण?' हा प्रश्न मुख्य असतो. प्रौढपणी वेगळीच ओढ लागते, आपल्याजवळचं काही पुढच्या पिढीच्या हाती सोपवण्याची. ते जमलं नाही तर माणूस आतून साचून राहतो, असं त्यांचं म्हणणं. या प्रकारच्या कादंबऱ्या का चालतात, याचं उत्तर मला इथे सापडतं. दोघांच्याही गरजा खऱ्या आहेत आणि त्या एकमेकांत बसतात. मुलीला कुणीतरी आपल्याकडे नीट पाहायला हवं असतं. म्हाताऱ्याला आपलं आयुष्य कुणाच्या तरी कामी यायला हवं असतं. लेखकाने फक्त मुलीची गरज लिहिली आणि म्हाताऱ्याची विसरला, की पात्र पुठ्ठ्याचं होतं.

हे ज्यात उत्तम जमलं आहे, अशी उदाहरणं सांगाल का?

तीन सांगते, कारण तिन्हीत देवाणघेवाण वेगळ्या पद्धतीने होते.

पॉल झिंडेल यांची 'द पिगमॅन' 1968 सालची. जॉन आणि लॉरेन ही शाळकरी जोडी गंमत म्हणून अनोळखी नंबर फिरवत असते. देणगी गोळा करतोय असं सांगून ती मिस्टर पिग्नाटी नावाच्या एकट्या माणसाच्या घरात शिरतात. बायको परगावी गेली आहे, असं तो सांगतो. ती वारलेली असते. म्हणजे मैत्रीची सुरुवातच दोन्ही बाजूंच्या खोटेपणातून होते, आणि तरीही ती खरी ठरते. पुढे तो इस्पितळात असताना ही मुलं त्याच्या घरात पार्टी करतात आणि त्याने जिवापाड जपलेल्या डुकरांच्या मूर्ती फुटतात. शेवट सांगत नाही. पण मोठ्या माणसावर मुलांकडून अन्याय होऊ शकतो, आणि तो अन्याय मुलांना आयुष्यभर पुरतो, हे इतक्या स्पष्टपणे फार कमी लेखकांनी लिहिलं आहे.

लोइस लॉरी यांची 'द गिव्हर' 1993 साली आली आणि पुढच्या वर्षी तिला अमेरिकेतलं बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालं. बारा वर्षांच्या जोनासची निवड होते ती समाजाच्या साऱ्या आठवणी सांभाळण्यासाठी. त्या आठवणी त्याला एक वृद्ध माणूस देतो. यातला बारकावा विलक्षण आहे. दिलेली आठवण देणाऱ्याकडे उरत नाही. बर्फावरून घसरत जाण्याचा आनंद मुलाला दिला, की म्हाताऱ्याकडून तो गेला. उलट, वेदनेची आठवण दिली की म्हाताऱ्याचा भार हलका होतो आणि मुलाचा वाढतो. शिकवण्याची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न लेखिकेने एका नियमातून उभा केला आहे, कुठेही भाषण न देता.

मिशेल मॅगोरियन यांची 'गुडनाइट मिस्टर टॉम' 1981 सालची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनहून खेड्यात पाठवलेला, मार खाऊन दबलेला विल्यम आणि बायको-मूल गेल्यापासून गावाशी फटकून राहणारा टॉम. यातला मुलगा सुरुवातीला किशोरवयाच्याही अलीकडचा आहे, तरी ही कादंबरी मी यादीत ठेवते. टॉम मुलाला अक्षरं शिकवतो, आणि त्या मुलासाठी त्याला दार उघडून गावात जावं लागतं. दोघं एकाच वेळी माणसांत परत येतात.

आई-वडील कुठे गायब झालेले असतात?

बहुतेकदा लेखकाने त्यांना सोयीसाठी बाजूला केलेलं असतं. मुलाच्या हातून काही घडायचं, तर मोठ्यांचं लक्ष थोडं हललेलं असावं लागतं, हे खरं. पण आईला मारून टाकणं किंवा वडिलांना दुष्ट करणं ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे. घरात प्रेमळ, पण थकलेले, कामात बुडालेले, किंवा नेमक्या याच एका बाबतीत मुलीला न समजणारे आई-वडील असले, तर गोष्ट कितीतरी समृद्ध होते. मग आईच्या मनात येणारी असूयाही लिहिता येते. 'माझ्याशी दोन शब्द बोलत नाही आणि तिकडे तासन्‌तास बसते,' हे आईचं वाक्य मला कुठल्याही खलनायकापेक्षा जास्त काही सांगतं.

मोठ्या पात्राच्या तोंडी उपदेश येऊ नये, यासाठी काय करावं?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

समजा, एक निवृत्त घड्याळजी आहे आणि नववीत नापास झालेली मुलगी त्याच्याकडे येऊन बसते. पहिल्या खर्ड्यात हमखास असं काही येतं:

«"बघ बेटा, आयुष्यही या घड्याळासारखंच आहे. एक काटा थांबला म्हणून घड्याळ टाकून द्यायचं नसतं." ती विचारात पडली. तिला नवी उमेद आली.»

यातलं एकही वाक्य त्या माणसाचं नाही. लेखकाला जे सांगायचं होतं, ते त्याच्या तोंडी कोंबलं आहे. आता तोच प्रसंग असा लिहून पाहा:

«"दिवा जवळ घे. तो बारका स्क्रू दिसतोय?"
"हो."
"मला नाही दिसत. आणि दिसला तरी हात थरथरतो. तू लाव."
"मी? मोडलं तर?"
"मोडलेलंच आहे. म्हणून तर आलंय आपल्याकडे."
तिने चिमटा उचलला. दोनदा स्क्रू निसटला. तो काही बोलला नाही, फक्त टेबलावर पांढरा कागद पसरला, खाली पडलेलं लगेच दिसावं म्हणून.»

दुसऱ्या उताऱ्यात त्याला तिच्या नजरेची आणि हाताची गरज आहे. नापास झाल्याचा विषयही निघालेला नाही. पण 'निसटलं तरी सापडेल' ही सोय तो करून ठेवतो, आणि वाचक ते टिपतो. शिकवण हातातल्या कामात उतरली की ती शब्दांत सांगावी लागत नाही. म्हणून माझा आग्रह असा असतो की या जोडीला करायला काहीतरी द्या. बाग, बुद्धिबळ, जुना रेडिओ, कुत्र्याला फिरवणं, काहीही. समोरासमोर बसून नुसत्या गप्पा मारणारी पात्रं लवकरच शहाणपणाची देवघेव करू लागतात. शेजारी बसून एकाच वस्तूकडे पाहणारी माणसं मनातलं बोलतात.

आणखी एक कसोटी: मोठ्या माणसाचं प्रत्येक सुविचारवजा वाक्य खोडून टाका आणि प्रसंग पुन्हा वाचा. नव्वद टक्के वेळा काही बिघडत नाही. बिघडलं, तरच ते वाक्य परत घ्या.

मोठं पात्र सर्वज्ञ का नसावं?

कारण सर्वज्ञ माणसाशी मैत्री होत नाही. त्याला त्याच्या विषयातलं खोलवर कळावं आणि बाकी बऱ्याच गोष्टींत तो चुकीचा असावा. स्वतःच्या मुलाशी त्याचं पटत नसेल. एखाद्या बाबतीत तो हटवादी, जुनाट, क्वचित अन्याय करणाराही असेल. मुलीने त्याला कधीतरी तोंडावर सांगावं की तुमचं हे चुकतंय, आणि तिचं बरोबर असावं. शिवाय तिच्या येण्याआधी त्याचा दिवस कसा जायचा, हे लेखकाला ठाऊक हवं. मुलगी घरी गेल्यावर जे पात्र दिव्यासारखं विझतं, ते पात्र नव्हेच.

गोष्ट कोणी सांगावी?

शक्यतो किशोरवयीन पात्राने, आणि घटना ताज्या असताना. 'आज चाळीस वर्षांनी मागे वळून पाहताना' अशी सुरुवात झाली, की निवेदक प्रौढ होतो, सगळं त्याला आधीच कळलेलं असतं आणि पुस्तक हळूच मोठ्यांच्या स्मरणरंजनाकडे झुकतं. ते पुस्तक चांगलं असू शकेल, पण ते किशोरांसाठी राहत नाही. 'द पिगमॅन'मध्ये दोघं आळीपाळीने प्रकरणं लिहितात आणि एकमेकांच्या सांगण्यावर शंका घेतात. दोन मुलं एका मोठ्या माणसाशी जोडलेली असतील, तर ही रचना फार उपयोगी पडते. त्याच्याविषयी दोघांचं मत वेगळं असतं, आणि त्या फटीतून तो माणूस आपल्याला दिसतो.

संवादात मुलांनी मोठ्या माणसाला काय म्हणावं?

मराठीत हा प्रश्न टाळताच येत नाही, आणि माझ्या मते ही लेखकाच्या हातातली मोठी संधी आहे. काका, आजी, सर, मॅडम की नुसतं आडनाव? 'तुम्ही' की 'तू'? पहिल्या भेटीत 'ओ, ऐका ना' म्हणणारा मुलगा दहाव्या प्रकरणात 'आजोबा' म्हणतो, तेव्हा नातं कुठवर आलं ते एका शब्दात कळतं. भांडणानंतर तो पुन्हा कोरडं 'तुम्ही सांगाल तसं' म्हणतो, तेही बोलकं. उलट बाजूही विसरू नका: मोठा माणूस मुलाला 'बाळ' म्हणतो, नावाने हाक मारतो की 'अहो साहेब' म्हणून चिडवतो? ही निवड पहिल्या पानावर ठरवा आणि बदल होईल तो कारणाने होऊ द्या. मुलांच्या बोलीतले आजचे चलनी शब्द मात्र जपून वापरा. दोन वर्षांत ते शिळे होतात.

अनोळखी मोठ्या माणसाशी मैत्री करायला शिकवणं धोक्याचं नाही का?

रास्त प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्या पालकाला कुणी जुनाट ठरवू नये. मुलांचा गैरफायदा घेणारी माणसंही सुरुवातीला आपुलकीच दाखवतात. त्यामुळे या प्रकारच्या लेखकावर एक जबाबदारी येते: निरोगी नातं आणि जाळं यांतला फरक त्याच्या गोष्टीत दिसला पाहिजे.

फरक कुठे असतो? मुख्यतः लपवाछपवीत. 'हे आपल्या दोघांतच राहू दे, घरी सांगू नकोस' असं मोठा माणूस म्हणाला, की धोक्याची घंटा वाजलीच पाहिजे. निरोगी नात्यात दार उघडं असतं, मित्रमैत्रिणी येऊन जाऊ शकतात, आई अचानक आली तरी कुणी दचकत नाही. दुसरी खूण म्हणजे एकटं पाडणं: 'तुझ्या मित्रांना काय कळतंय, मीच तुला ओळखतो.' तिसरी, उपकारांची टाचणी: भेटवस्तू द्यायच्या आणि नंतर त्या मोजून दाखवायच्या. चौथी, 'नको' म्हटल्यावर चेष्टा करणं किंवा रुसणं. चांगला मोठा मित्र नकार ऐकतो आणि विषय सोडतो. तुमच्या कादंबरीत मुलाने कधीतरी 'नको' म्हणावं आणि मोठ्याने ते मुकाट मानावं, असा एक साधा प्रसंग जरूर असू द्या. अशा प्रसंगातून वाचकाला एक माप मिळतं.

फसवा मार्गदर्शक हाही साहित्याचा जुना विषय आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या 1883 सालच्या 'ट्रेझर आयलंड' या समुद्री चाच्यांच्या कादंबरीतला लाँग जॉन सिल्व्हर पोरगेल्या जिमशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, त्याला जहाजावरचं सगळं समजावून सांगतो, त्याची स्तुती करतो. मग सफरचंदांच्या पिंपात लपलेला जिम ऐकतो, तर सिल्व्हर हुबेहूब तशीच स्तुती दुसऱ्या एका तरुण खलाशाची करत असतो, त्याला बंडात ओढण्यासाठी. जिमला सर्वांत जास्त झोंबतं ते हेच. मुलांशी या विषयावर बोलायचं असेल, तर एवढं एक प्रकरण एकत्र वाचलं तरी पुष्कळ बोलता येतं. भीती घालण्यापेक्षा ते कितीतरी परिणामकारक आहे.

शेवटी म्हाताऱ्या माणसाने मरायलाच हवं का?

नाही. सवयीने मारलं जातं. मृत्यू आला की शेवट आपोआप जड होतो, हा त्यातला मोह. पण नातं संपण्याचे, बदलण्याचे कितीतरी मार्ग आहेत. मुलगी शिकायला दूर जाते आणि हळूहळू फोन कमी होतात. म्हातारा लेकीकडे राहायला जातो. दोघांचं बिनसतं आणि पुरतं सांधलं जात नाही. किंवा नातं टिकतं, फक्त आता मुलगा त्याला सांभाळतो. यातला शेवटचा पर्याय फारच कमी लिहिला गेला आहे. मृत्यू लिहायचाच असेल, तर मुलीला रडवून थांबू नका. त्याच्या खोलीतल्या वस्तूंचं काय झालं, ते कोणी ठरवलं, तिला विचारलं का, हे लिहा. घरच्यांच्या यादीत नसलेल्या मित्राचं दुःख कुठे मांडायचं, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

प्रत्यक्ष आयुष्यात अशा नात्यांचा काही उपयोग होतो, की हे पुस्तकातच?

होतो. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, समाधानी प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात आढळलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे आई-वडिलांखेरीज जीव लावणारं कुणीतरी मोठं माणूस: आजी-आजोबा, शेजारी, शिक्षक. ते एकमेव कारण नव्हतं. मुलांचा स्वभाव आणि इतर आधारही होते. पण एका माणसाने फरक पडतो, हे लेखकांचं स्वप्नरंजन नाही.

कोणत्या वयाच्या मुलांना ही पुस्तकं द्यावीत?

बारानंतर बहुतेक मुलं तयार असतात. विषय मात्र आधी स्वतः पाहा. 'गुडनाइट मिस्टर टॉम'मध्ये मुलाला झालेला छळ बराच अंगावर येणारा आहे, 'द गिव्हर'मध्येही एक प्रसंग मुलांना हादरवतो. बंदी घालण्याची गरज नाही, वाचून झाल्यावर बोलायला तुम्ही घरात असलात की पुरे.

वाचून झाल्यावर वर्गात किंवा वाचनगटात काय विचारावं?

'या कथेतून काय बोध घ्याल?' हे सोडून काहीही विचारा. या दोघांपैकी आधी कोणाला दुसऱ्याची गरज भासली? कोण कोणाशी खोटं बोललं, आणि ते तुम्हाला पटलं का? मोठ्या माणसाचं कुठे चुकलं? तुम्ही त्या मुलीची आई असता, तर तिला जाऊ दिलं असतं का? हा शेवटचा प्रश्न विचारला, की वर्गाचे सरळ दोन तट पडतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही हात वर करतात.

मी सतरा वर्षांची आहे. मी अशी कादंबरी लिहू शकते का, की आधी मोठं व्हावं लागतं?

लिही. एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' 1967 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. लिहायला सुरुवात त्यांनी शाळेत असतानाच केली होती. किशोरवय आतून कसं दिसतं, ते तुला ठाऊकच आहे. तुझ्यासाठी अवघड आहे ते म्हातारं पात्र. त्यासाठी कुणाकडे तरी जाऊन बस आणि सल्ला मागू नकोस. त्यांना रोजच्या गोष्टी विचार: झोप किती वाजता मोडते, डबीचं झाकण उघडतं का, जिना चढताना मध्ये कुठे थांबावं लागतं, फोन आला की आधी कोणाचा वाटतो, गेलेल्या माणसांपैकी कोणाशी अजून मनात भांडण चालू आहे. उत्तरं लिहून घे, त्यांच्याच शब्दांत. त्यांची खरी नावं आणि ओळख पटेल असे तपशील कादंबरीत बदल, आणि छापायला देण्याआधी ती पानं त्यांना वाचून दाखव.